देणगीचं बॅनर लावलं की “वाचनालय बंद होतंय का?” असे फोन येतात : कारणं आणि दुरुस्ती

मार्च लागला की आमच्या वाचनालयाच्या वेबसाइटवर देणगीचं बॅनर चढतं आणि दुसऱ्या दिवसापासून ग्रंथपाल ताईंचा फोन वाजायला लागतो. देणगी देण्यासाठी नव्हे. “अहो, वाचनालय बंद करताय का?” “मी तर जूनमध्येच वर्षाची वर्गणी भरलीय, आता परत कसली?” “ते जुने अंक वाचायला पैसे पडणार का?” “ती लिंक तुमचीच आहे ना, की कुणी फसवतंय?” सलग तीन वर्षं हेच चार प्रश्न, शब्द तेवढे इकडचे तिकडे.

पहिल्या वर्षी आम्ही म्हटलं, लोक नीट वाचत नाहीत. दुसऱ्या वर्षी बॅनरचा रंग बदलला, अक्षर मोठं केलं, फोन वाढले. तिसऱ्या वर्षी ताईंनी काउंटरवर एक दोनशे पानी वही ठेवली आणि बॅनरबद्दलचा प्रत्येक फोन तिच्यात लिहायला सुरुवात केली. विचारणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे, मोबाइलवर पाहिलं की कॉम्प्युटरवर, आणि साइटचं कुठलं पान उघडलं होतं. पंधरा दिवसांची ती वही घेऊन मी एका रविवारी बसलो तेव्हा कळलं की लोक नीटच वाचत होते. आम्ही लिहिलेलं त्यांच्यापर्यंत पोचत नव्हतं.

तालुक्याच्या गावातलं हे सार्वजनिक वाचनालय आहे. साइट मी फावल्या वेळात सांभाळतो. साइटवर वाचनालयाच्या जुन्या स्मरणिका आहेत, गावाच्या इतिहासावरचे लेख आहेत आणि प्रताधिकार संपलेल्या काही पुस्तकांची स्कॅन केलेली पानं आहेत. वाचणारे निम्मे गावातले आणि निम्मे गाव सोडून पुण्या-मुंबईला किंवा परदेशी गेलेले. शाळेची, माजी विद्यार्थी संघाची, नाट्यसंस्थेची किंवा देवस्थानची साइट सांभाळणाऱ्यांनाही हेच प्रश्न येत असणार, म्हणून आम्हाला सापडलेलं सगळं इथे लिहून ठेवतो.

“वाचनालय बंद होतंय का?”

बॅनरवरचं आमचं वाक्य असं होतं : “वाचनालय बंद पडू नये म्हणून आपला हातभार हवा आहे.” माझ्या कॉम्प्युटरवर ते एका ओळीत छान बसायचं. वहीत मात्र हा प्रश्न विचारणारे जवळजवळ सगळे मोबाइलवाले. मग मी ताईंचाच फोन हातात घेतला. चष्म्याच्या नंबरामुळे त्यांनी अक्षर दोन पायऱ्या मोठं करून ठेवलेलं. त्यावर बॅनर असं दिसत होतं : “वाचनालय बंद प…” आणि खाली लाल रंगाचं बटण, “येथे क्लिक करा”.

यात वाचणाऱ्याचा काय दोष? मीही फोनच केला असता.

झालं असं, की साइटच्या थीममध्ये, म्हणजे तिच्या तयार साच्यात, बॅनरचा मजकूर एकाच ओळीत ठेवायचा आणि मावला नाही तर पुढे तीन टिंबं द्यायची, असा नियम होता. थीम इंग्रजीसाठी बनवलेली. इंग्रजी वाक्यात क्रियापद आणि नकार सुरुवातीलाच येऊन जातात, त्यामुळे शेपूट कापलं तरी मुद्दा शिल्लक राहतो. मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि नकार बहुतेक वेळा त्याच्याही नंतर : पडू नये, लागत नाही, होणार नाही. शेवटची दोन अक्षरं गेली की अर्थ उलटा होतो. त्याच बॅनरची दुसरी ओळ होती, “लेख वाचायला पैसे लागत नाहीत”. ती मोबाइलवर “लेख वाचायला पैसे ला…” अशी दिसायची. चारपैकी दोन प्रश्न या एकाच नियमाने जन्माला घातले होते.

तांत्रिक दुरुस्ती पाच मिनिटांची आहे. सीएसएसमधला (साइटचं रूप ठरवणारा कोड) ‘नो-रॅप’ (ओळ मोडू न देणारा) आणि ‘एलिप्सिस’ (तीन टिंबं देणारा) नियम काढायचा, ‘हाइट’ ठरावीक असेल तर तिच्या जागी ‘मिन-हाइट’ (किमान उंची) द्यायची आणि मजकुराला हव्या तितक्या ओळी घेऊ द्यायच्या. हे करताना ‘लाइन-हाइट’ही (ओळीची उंची) बघा. आमच्याकडे ती १ होती. रोमन अक्षरांना ती कशीबशी चालते, देवनागरीत मात्र वरच्या वेलांट्या-रफार आणि खालचे उकार कापले जातात. “पूर्ण”मधला रफार आणि दीर्घ ऊकार दोन्ही गायब झालेले मी डोळ्यांनी पाहिले आहेत. १.५ किंवा १.६ ठेवली की अक्षराला श्वास घ्यायला जागा मिळते.

पण खरी दुरुस्ती वाक्यातच करावी लागते, कारण उद्या कुणी व्हॉट्सअॅपवर लिंक पाठवली तर तिथली झलकही मजकूर कापूनच दाखवणार आहे. आमची पद्धत साधी आहे. वाक्य कागदावर लिहायचं आणि उजवीकडून एकेक शब्द हाताने झाकत जायचं. प्रत्येक टप्प्यावर उरलेला तुकडा अपुरा असला तरी चालेल, खोटा असता कामा नये. “वाचनालय बंद पडू नये” इथे लगेच नापास होतं. “वाचनालयाला देणगी द्या” पास होतं, कारण “वाचनालयाला देणगी…” एवढंच उरलं तरी त्यातून भलतं काही निघत नाही. पहिल्या वाक्यात नकार घ्यायचाच नाही, हेही त्यातूनच ठरलं. “पैसे लागत नाहीत” म्हणण्याऐवजी “वाचन मोफत आहे” म्हटलं की काम झालं.

यावर समितीच्या बैठकीत खजिनदार काकांनी एक प्रश्न विचारला आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. ते म्हणाले, “पूर्ण वाक्य दिसलं असतं तरी ते खरं होतं का?” नव्हतं. शासनाचं अनुदान आणि सभासदांची वर्गणी यांवर वाचनालयाचं रोजचं भागतं. अनुदानाला उशीर होतो, ओढाताण होते, पण कुलूप लागण्याची वेळ आलेली नाही. पैसे हवे होते ते स्कॅनिंगला, जुन्या पुस्तकांच्या बांधणीला आणि साइटच्या वार्षिक खर्चाला. “बंद” हा शब्द आम्ही लक्ष वेधण्यासाठी घातला होता. दूर राहणाऱ्या, इथेच अभ्यास करून मोठ्या झालेल्या माणसाचा जीव त्या एका शब्दाने टांगणीला लागतो. हे आम्ही करायला नको होतं.

हा वाद जगातल्या सर्वांत मोठ्या बॅनरवाल्यांकडेही झाला आहे. विकिपीडिया जाहिराती घेत नाही. ती चालवणारं विकिमीडिया फाउंडेशन वाचकांच्या देणग्यांवर चालतं आणि त्यासाठी विकिपीडियाच्या पानांवर बॅनर लावतं. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये इंग्रजी विकिपीडियाच्या स्वयंसेवक संपादकांनी खुली चर्चा करून फाउंडेशनच्या त्या वर्षीच्या बॅनरच्या भाषेला हरकत घेतली. त्यांचं म्हणणं असं, की बॅनर वाचून विकिपीडियाचं अस्तित्वच धोक्यात असल्याचा समज होतो आणि फाउंडेशनची आर्थिक स्थिती तशी नाही. फाउंडेशनला मजकूर बदलावा लागला. लेख लिहिणाऱ्या माणसांनी आपल्याच साइटवरच्या बॅनरला अडवलं, याचं मला फार अप्रूप वाटतं. आपल्याकडेही बॅनरचा मजकूर आधी काउंटरवर बसणाऱ्या माणसाला दाखवावा. फोन त्यालाच घ्यायचे असतात.

“अध्यक्ष गेले का हो?”

हा प्रश्न चारात नव्हता. दुसऱ्या वर्षी तो सहा-सात जणांनी विचारला आणि विचारताना आवाज खाली आणला होता, म्हणून तो लक्षात राहिला.

बॅनरवर आम्ही अध्यक्षांचा फोटो घातला होता. चांगला फोटो होता, पण रंगसंगतीत बसावा म्हणून तो मी कृष्णधवल केला. बाजूला “नम्र आवाहन” आणि जोडलेल्या हातांचं चित्र. मराठी माणसाने आयुष्यभर चौकातल्या फ्लेक्सवर आणि वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानावर कृष्णधवल फोटो आणि जोडलेले हात कशासाठी पाहिलेत? ‘भावपूर्ण श्रद्धांजली’साठी. मजकूर वाचण्याआधी डोळ्यांनी निष्कर्ष काढून टाकला होता. अध्यक्ष धडधाकट आहेत, रोज संध्याकाळी वाचनालयात येतात. त्यांच्या सूनबाईंना सांत्वनाचा फोन आला तेव्हा मला फार वाईट वाटलं. त्याच रात्री बॅनर उतरवलं.

फोटोचा घोटाळा विकिपीडियावरही गाजला. २०१० च्या मोहिमेत सहसंस्थापक जिमी वेल्स यांचा फोटो आणि “वैयक्तिक आवाहन” असं बॅनर प्रत्येक लेखाच्या माथ्यावर होतं. त्याच्या लगेच खाली लेखाचं शीर्षक. लेख कुठल्या प्राण्यावर असो की रोगावर, वर दाढीवाल्या वेल्स यांचा चेहरा आणि खाली ते शीर्षक, म्हणजे फोटोखाली नाव लिहिल्यासारखं दिसायचं. लोकांनी त्याचे स्क्रीनशॉट जगभर फिरवले. गंमत म्हणजे त्या मोहिमेत सुमारे १ कोटी ६० लाख डॉलर जमले. पैसे जमले म्हणजे बॅनर समजलं, असा अर्थ निघत नाही, हे मला त्यातून पटलं. देणाऱ्यांची नोंद बँकेत होते. गोंधळून पान बंद करणाऱ्याची नोंद कुठेच होत नाही, आणि म्हणून ती वही लागते.

दुरुस्ती : बॅनर आणि लेखाचं शीर्षक यांच्यामध्ये ठळक रेघ आणि मोकळी जागा. बॅनरचा पार्श्वरंग पानापेक्षा वेगळा. बॅनरच्या सुरुवातीला मागणाऱ्याचं नाव. माणसाचा फोटो घालायचाच असेल तर रंगीत, काम करतानाचा, आणि फोटोच्या खाली तो कोण आहे ते लिहिलेलं. आम्ही आता माणसाचा फोटो घालतच नाही. वाळवीने खाल्लेलं एक पान आणि त्याचं स्कॅन शेजारी शेजारी ठेवलं आहे. पैसे कशाला हवेत हे त्या दोन चित्रांतच कळतं.

“वर्गणी भरलीय की मी!”

शब्दांचा हा घोळ मराठीतच होऊ शकतो, कारण आपल्याकडे पैसे देण्याला शब्द भरपूर आहेत आणि प्रत्येकाचा व्यवहार वेगळा आहे. आमच्या बॅनरवर शीर्षकात “निधी संकलन”, मजकुरात “योगदान”, बटणावर “मदत करा” आणि पुढच्या पानावर “शुल्क भरा” असं होतं. शेवटचं पेमेंटच्या साच्यातून तसंच आलेलं. एका माणसाला चार दारांतून चार नावांनी हाक मारल्यासारखं.

वाचनालयाच्या माणसाला “वर्गणी” म्हणजे सभासदत्वाची. गणपतीत ती मंडळाची. “शुल्क” म्हटलं की ते सक्तीचं. “अनामत” परत मिळते. “मदत” म्हटलं की कुणीतरी संकटात आहे. “दान” म्हटलं की पुण्य आलं, देवळाची पेटी आली. “योगदान” तर सर्वांत निसरडं : एका गुरुजींनी बॅनर वाचून गावच्या बाजारपेठेवरचा आपला सहा पानी लेख पाठवला, कारण योगदान द्या म्हटलं होतं! त्यांचं अगदी बरोबर होतं. मराठी विकिपीडियावरही “योगदान” म्हणजे सदस्याने केलेलं लेखन-संपादन. लेख आम्ही साइटवर घेतला. तो आज सर्वांत जास्त वाचला जाणाऱ्या लेखांत आहे.

आता एकच शब्द वापरतो, “देणगी”. बॅनरवर, बटणावर, पेमेंटच्या पानावर, पावतीवर आणि आभाराच्या ईमेलमध्येही. त्याच्या खाली बारीक पण वाचता येईल अशा अक्षरात एक ओळ : “ही सभासद वर्गणी नाही. देणगी ऐच्छिक आहे.” नकार इथे चालतो, कारण ही ओळ पूर्ण दिसेल अशी जागा तिला दिली आहे. बटणावर “येथे क्लिक करा” कधीही नको. दृष्टिहीन वाचक स्क्रीन रीडरने (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं अॅप) फक्त बटणं ऐकत जातो तेव्हा त्याला “येथे” म्हणजे कुठे ते कळत नाही. “देणगी द्या” म्हणा. आणि पानाच्या कोडमधली भाषेची खूण मराठीची आहे ना, ते तपासा. ती इंग्रजी राहिली तर स्क्रीन रीडर मराठी मजकूर चुकीच्या आवाजात वाचायला घेतो.

बंद करायच्या बटणावर तर मी हट्टच धरतो. आमच्या थीममध्ये तिथे एक तयार वाक्य होतं, “नको, मला पर्वा नाही”. वाचकाला न देण्याची शरम वाटावी म्हणून केलेली ही युक्ती. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला फसव्या रचनांबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत असे १३ प्रकार दिले आहेत : खोटी घाई, शरमेत टाकणं, सतत टोचत राहणं, न विचारता बिलात रक्कम घुसडणं. त्या शेवटच्या प्रकारात तर खरेदीच्या वेळी परस्पर जोडलेल्या धर्मादाय देणगीचाही उल्लेख आहे. ती तत्त्वं वस्तू आणि सेवा विकणाऱ्यांसाठी आहेत, आमच्यासारख्यांसाठी नव्हेत. पण दुकानदाराला जे करायला मनाई आहे ते वाचनालयाने करावं का? बटणावर आता फक्त “बंद करा” आहे, आणि ते बोटाने सहज दाबता येईल इतकं मोठं आहे.

“ती लिंक तुमचीच आहे ना?”

दुधाने तोंड पोळलेली माणसं ताकही फुंकून पितात. वीजबिलाच्या, केवायसीच्या नावाने ज्यांचे पैसे गेलेत त्यांना कुठल्याही लिंकवर शंका येणारच, आणि यावी. आपलं काम एवढंच, की शंका आली तर ती दोन मिनिटांत फिटली पाहिजे.

वहीतली सर्वांत जास्त पानं या प्रश्नाने भरली होती. कारणंही एकापेक्षा जास्त निघाली.

पहिलं कारण यूपीआयच्या स्क्रीनवरचं नाव. बॅनरवर वाचनालयाचं नाव, क्यूआर स्कॅन केला की अॅपमध्ये नाव दिसायचं खजिनदार काकांचं. सोयीसाठी त्यांच्या वैयक्तिक खात्याचा क्यूआर लावला होता. काका रोजच्या रोज पैसे वाचनालयाच्या खात्यात भरत, हिशोब चोख. पण पुण्यातल्या वाचकाला ते कसं कळणार? त्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकणारच. क्यूआर संस्थेच्याच खात्याचा हवा, यात तडजोड नाही. आणि संस्थेचं नोंदणीतलं नाव लोकांच्या तोंडातल्या नावापेक्षा वेगळं असतं, तेव्हा बॅनरजवळ आधीच लिहावं : “पैसे देताना अॅपमध्ये अमुक नाव दिसेल. दुसरं नाव दिसलं तर पैसे पाठवू नका आणि आम्हाला फोन करा.” ही एक ओळ टाकल्यावर हे फोन जवळजवळ थांबले.

दुसरं, मोबाइलवर क्यूआर. ज्या फोनवर क्यूआर दिसतोय त्याच फोनने तो स्कॅन कसा करणार? लोक घरातल्या दुसऱ्या माणसाचा फोन मागत, स्क्रीनशॉट काढत, कंटाळून सोडून देत. मोबाइलवर क्यूआर लपवून त्याजागी थेट यूपीआय अॅप उघडणारं बटण ठेवावं आणि खाली यूपीआय आयडी कॉपी करता येईल अशा मजकुरात द्यावा. चित्रात नको.

तिसरं सापडायला मला दोन दिवस लागले. एक काकू म्हणाल्या, “खाते क्रमांक बँकेच्या अॅपात चिकटतच नाही.” साइट मराठी म्हणून मी खाते क्रमांकही मराठी आकड्यांत लिहिला होता. बँकेचं अॅप मराठी आकडे घेत नाही. हाताने उतरवून घेणाऱ्यांचा तर आणखी घोटाळा : आपला ४ इंग्रजी आठासारखा दिसतो, आपला १ घाईत इंग्रजी नऊसारखा. रकमा, तारखा खुशाल मराठी आकड्यांत लिहा. खाते क्रमांक आणि आयएफएससी मात्र इंग्रजी आकड्या-अक्षरांतच द्या.

चौथं परदेशातल्या वाचकांचं. अमेरिकेत स्थायिक झालेल्या आणि तिथलं नागरिकत्व घेतलेल्या एका वाचकाने मोठ्या मनाने रक्कम देऊ केली आणि ती आम्हाला नाकारावी लागली. परदेशी नागरिकाकडून, मग तो मूळचा आपल्याच गावचा का असेना, देणगी घ्यायची तर परकीय योगदान नियमन कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. आमच्याकडे ती नाही. भारतीय पासपोर्ट असलेला माणूस परदेशात नोकरी करून स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत देत असेल तर ती परकीय देणगी धरली जात नाही. हे सगळं पेमेंटच्या पानावर, रक्कम भरण्याच्या आधी, दोन ओळींत लिहायला हवं. नकार शेवटच्या पायरीवर ऐकायला मिळाला की माणूस दुखावतो.

करसवलतीचंही असंच. “८०जी लागू” एवढंच लिहिलं की प्रत्येकाला वाटतं आपल्याला सवलत मिळणार. नवी करप्रणाली घेतलेल्यांना ती वजावट मिळत नाही, २,००० रुपयांच्या वरच्या रोख देणगीलाही मिळत नाही, आणि प्रमाणपत्रासाठी पॅन किंवा आधारसारखा ओळख क्रमांक द्यावा लागतो. बॅनरवर यातलं काही नको. पेमेंटच्या पानावर सगळं हवं.

एक बारीकशी गोष्ट राहिली. “मी काल ५०० दिले, आकडा हलला नाही” असाही फोन होता. जमा रक्कम दाखवणारी पट्टी मी आठवड्याने एकदा बदलत असे. आता तिच्याखाली “काल संध्याकाळपर्यंत, काउंटरवरची रोख धरून” असं लिहिलेलं असतं आणि काका रोज रात्री आकडा कळवतात.

“बंद केलं तरी परत येतंय”

इथून पुढचं निव्वळ तांत्रिक आहे.

बॅनर बंद केल्याची नोंद ब्राउझरच्या लोकल स्टोरेजमध्ये (वाचकाच्या फोनवरच माहिती साठवायची जागा) ठेवली असेल तर आयफोनवर ते परत उगवणार. आयफोनचा ब्राउझर सफारी २०२० पासून स्क्रिप्टने साठवलेली अशी माहिती पुसून टाकतो, सफारी वापरल्याच्या सात दिवसांत वाचकाने त्या साइटला हात लावला नाही तर. नोंद सर्व्हरने दिलेल्या कुकीत (ब्राउझर जपून ठेवतो ती छोटी नोंद) ठेवा. दुसरं नेहमीचं कारण म्हणजे साइट तीन डब्ल्यूसह आणि त्यांच्याशिवाय अशी दोन्ही पत्त्यांवर उघडते. ब्राउझरच्या लेखी त्या दोन वेगळ्या साइट, म्हणून एकीकडे बंद केलेलं दुसरीकडे दिसतं. सगळ्यांना एकाच पत्त्यावर वळवा.

पान उघडल्यावर दोन सेकंदांनी बॅनर वरून टपकत असेल तर खालचा मजकूर सरकतो आणि वाचकाचं बोट भलत्याच जागी पडतं. लेखावर टिचकी मारायला जावं आणि पेमेंटचं पान उघडावं, यापेक्षा जास्त संशय कशाने येणार? बॅनरची जागा आधीपासून राखून ठेवा. गुगलच्या मोजमापात या सरकण्याचा आकडा ०.१ च्या आत असला की तो चांगला धरतात. आमचा त्याच्या कितीतरी वर होता.

मोहीम संपल्यावर बॅनर उतरवूनही काहींना ते एप्रिलच्या मध्यापर्यंत दिसत होतं. कॅशमधली, म्हणजे आधी साठवून ठेवलेली, जुनी पानं. शेवटची तारीख बॅनरच्या कोडमध्येच घाला, म्हणजे पान जुनं असलं तरी तारीख उलटल्यावर बॅनर आपोआप लपेल. आणि कॅश रिकामी करायला विसरू नका.

लावण्याआधीची तपासणी

आता बॅनर साइटवर चढवण्याआधी आम्ही ते एका जुन्या, लहान स्क्रीनच्या फोनवर उघडून काउंटरवर ठेवतो. पुस्तक बदलायला आलेल्या पाच-सहा जणांना ताई तो फोन पाच सेकंद दाखवतात, मग पालथा ठेवतात आणि तीनच गोष्टी विचारतात : कोण मागतंय, कशासाठी मागतंय, आणि पैसे दिले नाहीत तर काय होईल. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर “काही नाही, वाचता येईलच” असं आलं पाहिजे. एकानेही “बंद पडेल” म्हटलं तर मजकूर परत माझ्याकडे येतो. या वर्षी तो तीनदा परत आला. शेवटी उरला तो असा :

“अमुक वाचनालयाला देणगी द्या. जुनी पुस्तकं स्कॅन करण्यासाठी १,२०,००० रुपये जमवत आहोत. साइटवरचं वाचन सर्वांना मोफत आहे आणि पुढेही मोफतच असेल. ही मोहीम ३१ मार्चपर्यंत.” खाली दोन बटणं, “देणगी द्या” आणि “बंद करा”.

देणगी मागच्या वर्षीपेक्षा थोडीशीच जास्त जमली. वहीत मात्र पंधरा दिवसांत अकराच नोंदी झाल्या. त्यांतल्या नऊ जुन्याच प्रश्नांच्या आहेत, सगळ्या अशा माणसांच्या ज्यांनी बॅनर स्वतः पाहिलं नव्हतं, कुणाकडून तरी ऐकलं होतं. दहावी नोंद एका आजोबांची, त्यांना रोख द्यायची होती आणि काउंटर किती वाजेपर्यंत उघडा असतो ते हवं होतं. ती वेळ आता बॅनरवरून उघडणाऱ्या पानावर लिहिली आहे. अकरावी नाशिकहून एका ताईंची : “पावतीवर माझ्याबरोबर आईचंही नाव घालता येईल का? ती चाळीस वर्षं तुमची सभासद होती.” करसवलतीची पावती देणाऱ्याच्याच नावे निघते, म्हणून फॉर्मात “कुणाच्या स्मरणार्थ” असा एक वेगळा रकाना केला आहे आणि ते नाव आभाराच्या पत्रात छापलं जातं.